देणगी आणि दप्तर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे सार्वजनिक न्यास आणि देणग्या यांच्याविषयीची आहेत, म्हणून या वेळची सारी जागा त्यांनाच दिली आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत. ज्याचा अंमल १ एप्रिल २०२६ पासून आहे त्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. परंतु ‘बारा-ए’ (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी देणारी नोंदणी) आणि ‘ऐंशी-जी’ (संस्थेच्या दात्याला करवजावट देणारी नोंदणी) ही नावे संस्थांच्या कार्यवाहांच्या तोंडी इतकी रुळली आहेत की येथे कलमांचे आणि नमुन्यांचे जुने क्रमांकच वापरले आहेत.

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी जुने सार्वजनिक वाचनालय आहे. गावातले आणि मुंबई-पुण्यास गेलेले लोक दरवर्षी पाचशेपासून दोन हजारांपर्यंत रक्कम देत असत. आता पॅन किंवा आधार क्रमांक मागितला की लोक हात आखडता घेतात, आणि काही जण ‘पावती नको, पैसे तेवढे घ्या’ असे म्हणतात. अशी नाव नसलेली रक्कम घेता येते का? आणि पाचशे रुपये देणाऱ्याची एवढी माहिती सरकारला कशासाठी हवी? — एका वाचनालयाचे कार्यवाह, सातारा जिल्हा

उत्तर : आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत, आणि तशा त्या बहुतेक संस्थांत एकत्र होतात. प्राप्तिकर कायद्याच्या दृष्टीने निनावी देणगी म्हणजे जिच्या देणाऱ्याचे नाव आणि पत्ता संस्थेच्या दप्तरी नाही अशी देणगी. पॅन दिला नाही एवढ्याने देणगी निनावी होत नाही. त्यामुळे ‘पावती नको’ म्हणणाऱ्या गृहस्थालाही नाव-पत्त्यानिशी पावती फाडून द्यावी. ती त्याने घरी नेली काय किंवा नाही काय, आपले दप्तर पूर्ण राहते. दानपेटीत जमणाऱ्या खरोखरच्या निनावी रकमेलाही कायद्याने वाव ठेवला आहे. वर्षाच्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तिच्याहून अधिक जमलेल्या निनावी भागावरच ३० टक्के कर लागतो. आपल्या वाचनालयाच्या वर्षभराच्या देणग्या दीड-दोन लाखांच्या घरात असतील, तर दानपेटीमुळे झोप उडण्याचे कारण नाही.

ओळख क्रमांकाचा आग्रह येतो तो ‘ऐंशी-जी’च्या सवलतीमुळे. पूर्वी दाता छापील पावती जोडून वजावट मागत असे, आणि त्यामुळे खोट्या पावत्यांचा धंदा चालत असे, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून संस्थेने दात्यांची यादी ‘दहा-बीडी’ या नमुन्यात ३१ मेपर्यंत भरायची आणि तिच्या आधारे प्रत्येक दात्याला ‘दहा-बीई’ हे प्रमाणपत्र द्यायचे, अशी पद्धत सुरू झाली. यादीला उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क, आणि त्याखेरीज १० हजारांपासून १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ओळख म्हणून पॅन आणि आधार यांच्याशिवाय पारपत्र, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, शिधापत्रिका हे पर्यायही त्या नमुन्यात आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आता देणाऱ्याच्या पदरात काय पडते ते पाहू. आपल्यासारख्या संस्थेला १० हजार रुपये दिले, तर सर्वसाधारणपणे निम्म्या रकमेची, म्हणजे ५ हजारांची वजावट मिळते, आणि २० टक्के दराने कर भरणाऱ्याचे उपकरासह १,०४० रुपये वाचतात. पाचशे देणाऱ्याचे वाचतात ५२ रुपये. त्यातही २ हजारांवरची रोख देणगी वजावटीस पात्र नाही, आणि २०२३-२४ पासून जी कररचना आपोआप लागू होते त्या नव्या रचनेत ‘ऐंशी-जी’ची वजावट मुळीच नाही. म्हणजे ज्या सवलतीसाठी संस्थेने प्रत्येकाकडून आधार क्रमांक गोळा करायचा, ती सवलत गावातल्या बहुतेक दात्यांना एक तर लागू नाही किंवा नगण्य आहे. अशा वेळी सरसकट सर्वांकडे क्रमांक मागणे म्हणजे देणाऱ्याला विनाकारण बिचकवणे होय. पावतीपुस्तकात ‘करसवलत हवी आहे का’ असा एक रकाना छापून घ्यावा, आणि ज्याचे उत्तर होकारार्थी असेल त्याच्याकडेच क्रमांक मागावा. माझ्या माहितीत ज्या लहान संस्थांनी हे केले, त्यांच्या वर्गणीदारांची कुरकुर थांबली.

आपण विचारलेली नाही, पण याहून गंभीर अशी एक गोष्ट सांगणे भाग आहे. २०२० च्या वित्त कायद्याने ‘बारा-ए’ आणि ‘ऐंशी-जी’ या नोंदण्या कायमच्या न ठेवता पाच वर्षांच्या केल्या, नव्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी, आणि जुन्या संस्थांनाही नव्याने अर्ज करायला लावले. अर्जाच्या मुदती इतक्या वेळा वाढवाव्या लागल्या की शेवटची मुदत २०२४ च्या जूनअखेरपर्यंत गेली. यावरूनच कार्यवाह मंडळींची काय तारांबळ उडाली असेल याची कल्पना येते. २०२५ मध्ये वार्षिक उत्पन्न ५ कोटींच्या आत असलेल्या संस्थांसाठी ‘बारा-ए’ नोंदणीची मुदत दहा वर्षांची करण्यात आली, हे योग्यच झाले. परंतु नूतनीकरणाचा अर्ज वेळेत न करणाऱ्या संस्थेच्या निव्वळ मालमत्तेवर, तेही बाजारभावाने, कमाल दराने कर आकारण्याची तरतूद २०२३ पासून कायद्यात आहे. भर बाजारपेठेत पूर्वजांनी बांधलेली इमारत आहे, खात्यात मात्र वीजबिलापुरते पैसे आहेत, आणि कार्यवाह हे सेवानिवृत्त शिक्षक आहेत, अशी वाचनालये महाराष्ट्रात गावोगावी आहेत. त्यांच्या बाबतीत एका विसरलेल्या तारखेची किंमत इमारतीएवढी होऊ शकते. आपल्या नोंदणीच्या आदेशावरील मुदत आजच तपासून घ्यावी.

प्रश्न : पुराच्या वेळी आमच्या गृहनिर्माण संस्थेतील तरुणांनी चौकात फेरी काढून मदत गोळा केली. कोणी तरी ‘परवानगी कुठे आहे’ असे विचारले. मदतीसाठीही परवानगी लागते का? — सांगली

उत्तर : ज्यांची न्यास म्हणून नोंदणी नाही अशा गटाने धार्मिक किंवा धर्मादाय कारणासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे असतील, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते आणि नंतर हिशेब सादर करावा लागतो. गणेशोत्सव मंडळे दरवर्षी वर्गणीपूर्वी हीच परवानगी काढतात आणि आता तिचा अर्ज ऑनलाइन करता येतो. पूर आला असताना अर्ज भरत बसणे कोणालाही सुचत नाही, हे खरे आहे. म्हणून परिसरातील एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या पावतीपुस्तकावर आणि तिच्याच बँक खात्यात रक्कम घेणे हा सरळ मार्ग. एखाद्या उत्साही कार्यकर्त्याच्या स्वतःच्या मोबाइलवरील खात्यात पैसे घेणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण मग हिशेब देण्याची आणि ते आपले उत्पन्न नव्हे हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या एकट्यावर येऊन पडते.

प्रश्न : मी रत्नागिरी जिल्ह्यातील ज्या शाळेत शिकलो तिला प्रयोगशाळेसाठी २५ लाख रुपये देण्याची माझी इच्छा आहे. मी आता अमेरिकेचा नागरिक असून माझ्याकडे ओसीआय (भारताचा परदेशस्थ नागरिक) कार्ड आहे. शाळेच्या संस्थेने ‘आम्हाला आपले पैसे घेता येत नाहीत’ असे कळवले, याचे मला फार वाईट वाटले. गावी आलो असताना रुपयांत रक्कम दिली, किंवा भावाच्या नावाने दिली, तर चालेल का? — न्यू जर्सी

उत्तर : संस्थेने आपला अव्हेर केलेला नाही, तिने कायदा पाळला आहे. विदेशी अंशदान (म्हणजे परकीय देणगी) नियमन कायद्यात महत्त्व चलनाला नसून देणाऱ्याच्या नागरिकत्वाला आहे. भारतीय पारपत्र बाळगणारा मनुष्य तीस वर्षे दुबईत राहत असला तरी त्याने आपल्या बचतीतून रीतसर बँकेमार्फत पाठवलेली रक्कम विदेशी अंशदान ठरत नाही. उलट आपण परकीय नागरिकत्व स्वीकारल्यामुळे, ओसीआय कार्ड असूनही, आपण गावच्या चावडीवर बसून रुपयांत दिलेली रक्कमही विदेशीच ठरते. रोख रकमेऐवजी प्रयोगशाळेची उपकरणे किंवा संगणक पाठवले तरी तेच. भावाला व्यक्तिशः पैसे देण्यास कायद्याची आडकाठी नाही, नातेवाइकांना वर्षाला १० लाखांपर्यंतची रक्कम तर शासनाला न कळवताही देता येते. परंतु ती रक्कम पुढे शाळेला देण्यासाठीच भावाच्या हाती ठेवणे हा कायद्याला बगल देण्याचा प्रकार झाला, आणि त्याचा त्रास आपल्याला न होता शाळेच्या विश्वस्तांना होईल. तो मार्ग सुचवणे माझ्याकडून होणार नाही.

हा कायदा मुळात १९७६ चा, म्हणजे आणीबाणीतला. त्याची जागा २०१० च्या कायद्याने घेतली आणि २०२० च्या दुरुस्तीने तो पुष्कळच कडक झाला. परदेशातून येणारी प्रत्येक रक्कम प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतच जमा झाली पाहिजे. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. आणि एका संस्थेने घेतलेले विदेशी अंशदान दुसऱ्या संस्थेला देण्यास पूर्ण बंदी झाली. सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल २०२२ रोजी नोएल हार्पर प्रकरणात ही दुरुस्ती वैध ठरवली, विदेशी देणगी मिळणे हा कोणाचा निरपवाद हक्क नाही असे म्हटले, आणि पदाधिकाऱ्यांच्या आधार क्रमांकाच्या सक्तीपुरती सवलत देऊन भारतीय पारपत्रही ओळख म्हणून चालेल असे सांगितले.

या तीन बदलांपैकी आपल्या शाळेला खरा फटका बसला तो तिसऱ्याचा. पूर्वी मुंबई-पुण्याची एखादी नोंदणीकृत मोठी संस्था परदेशातील महाराष्ट्रीयांच्या देणग्या घेऊन, आपल्याकडच्या हिशेबनिसाच्या बळावर सारी विवरणे भरून, त्या तालुक्यातालुक्यांतल्या लहान संस्थांना पोहोचवू शकत असे. आता प्रत्येक लहान संस्थेने स्वतः केंद्रीय गृहमंत्रालयाकडे नोंदणी केली पाहिजे. त्या नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी असून तिने मागील तीन वर्षांत आपल्या कार्यावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात, आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण आहेच. काळा पैसा किंवा देशविघातक हेतू रोखण्यासाठी परकीय पैशावर नजर हवी, याविषयी माझे दुमत नाही. ती नजर जगातील बहुतेक सरकारे ठेवतात. परंतु मधली कडी तोडल्यामुळे परकीय पैसा आधीच ज्यांच्याकडे कायदेशीर सल्लागार आहेत अशा शहरी संस्थांकडे अधिक वळला आणि कोकणातली शाळा तिथेच राहिली, हा परिणाम त्या हेतूशी कसा जोडायचा, हे मला आजवर उमगलेले नाही.

आपल्यापुढे दोन मार्ग खुले आहेत. पहिला म्हणजे पूर्वपरवानगी. नियमित नोंदणी नसलेली संस्था विशिष्ट दात्याकडून, विशिष्ट कामासाठी, विशिष्ट रक्कम घेण्याची परवानगी मागू शकते. त्यासाठी आपले लेखी वचनपत्र आणि प्रयोगशाळेचा प्रकल्प अहवाल लागेल. वेळ जाईल, पण २५ लाखांसाठी तो खटाटोप करण्यासारखा आहे. दुसरा मार्ग असा, की नोंदणी असलेल्या आणि शालेय विज्ञानशिक्षणात स्वतः काम करणाऱ्या संस्थेला देणगी द्यावी आणि तिने आपला उपक्रम म्हणून ती प्रयोगशाळा चालवावी. यात रक्कम शाळेकडे जात नाही, काम मात्र शाळेत होते. अमेरिकेत करवजावट हवी असल्यास तिथल्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थेमार्फतच द्यावे लागेल. महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या संस्था याच कामासाठी तिकडच्या मराठी मंडळींनी उभारल्या आहेत.

प्रश्न : मूल नसल्यामुळे माझा भूखंड मी एका अनाथाश्रमाच्या न्यासाला देऊ इच्छिते. उद्या विश्वस्तांनी तो बांधकाम व्यावसायिकाला विकला तर? — पुणे

उत्तर : येथे कायदा आपल्या बाजूने भक्कम उभा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे न्यासाची स्थावर मिळकत विकण्यास, अदलाबदलीने देण्यास किंवा बक्षीस देण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, आणि बिगरशेती जमीन तीन वर्षांहून अधिक काळ भाड्याने देण्यासही ती लागते. विश्वस्तांना परवानगीचे हे कलम जाचक वाटते, विकासकांना तर फारच. पण आपल्यासारख्या दात्या ज्या विश्वासाने जमीन देतात त्याचा आधार तेच आहे. बक्षीसपत्रात भूखंडाचा उपयोग कोणत्या कामासाठी व्हावा हे स्पष्ट शब्दांत लिहावे, कारण आयुक्तांपुढे पुढे प्रश्न निघाला तर तो मजकूरच आपल्या वतीने बोलेल. दात्याच्या हेतूला आपले न्यायालय किती मान देते हे १९५४ च्या रतिलाल पानाचंद गांधी खटल्यात दिसले. मूळ धार्मिक हेतू पूर्ण करणे शक्य असताना तो निधी दुसऱ्या कामाकडे वळवण्याची मुभा देणारी या कायद्यातील तरतूद सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा रद्द केली होती. करसवलतीचा विचार मात्र सोडून द्यावा. वस्तू किंवा जमीन या रूपातील देणगीला ‘ऐंशी-जी’ लागू नाही.

प्रश्न : एवढे कायदे आणि एवढी कार्यालये असताना बोगस संस्था निघतातच कशा? आणि सामान्य दात्याने संस्था खरी की खोटी हे ओळखायचे कसे? — ठाणे, याच आशयाची पत्रे नाशिक आणि बेळगाव येथूनही

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो. पावतीवर संस्थेचा नोंदणी क्रमांक असला पाहिजे. महाराष्ट्रात तो ‘ई’, ‘एफ’ अशा अक्षराने सुरू होतो. ‘ई’ साधारणपणे धर्मादाय न्यासासाठी आणि ‘एफ’ १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालील संस्थेसाठी. तो क्रमांक धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर तपासावा, ‘ऐंशी-जी’ची नोंद प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर पाहावी, आणि मग संस्थेकडे दोन कागद मागावेत: गेल्या वर्षीचा लेखापरीक्षित ताळेबंद आणि विश्वस्तांची नावे असलेला ‘शेड्यूल वन’चा उतारा. उताऱ्यात दिवंगत विश्वस्तांची नावे आढळली म्हणून लगेच फसवणुकीचा निष्कर्ष काढू नये. विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत कलम २२ खालील बदल अर्ज करायचा असतो. पण आपसांतील वादामुळे असे अर्ज वर्षानुवर्षे रखडत, म्हणून २०१७ च्या दुरुस्तीने तात्पुरत्या मान्यतेची सोय करावी लागली. बेळगावच्या वाचकांनी लक्षात घ्यावे की सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा हा कायदा जुन्या मुंबई राज्याचा, १९५० सालचा असून तो महाराष्ट्रात आणि वेगळ्या नावाने गुजरातेत चालतो. धर्मादाय आयुक्तांची अशी व्यवस्था भारतातील सर्व राज्यांत नाही.

आता पहिला प्रश्न. नोंदणी म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे. नोंदणीच्या वेळी कार्यालय न्यासपत्र, मिळकत आणि विश्वस्त यांची चौकशी करते. पुढे दरवर्षी हिशेब आले की दप्तरी लागतात. तक्रार झाल्याशिवाय ते कोणी बारकाईने पाहील अशी अपेक्षा, कार्यालयांपुढील कामाचा ढीग पाहता, वाजवी नाही. या देखरेखीचा खर्च भागवण्यासाठी कलम ५८ प्रमाणे न्यासांकडून उत्पन्नाच्या २ टक्के अंशदान घेतले जाई. त्याच्या वसुलीला मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये अंतरिम स्थगिती दिली. प्रामाणिक संस्था सारे कागद भरते आणि थकते, तर फसवणूक करणारा कागद तेवढे चोख ठेवतो, कारण त्याचे तेच भांडवल असते.

माझा खरा आक्षेप याहून वेगळा आहे. धर्मादाय कार्यालय, प्राप्तिकर खाते आणि गृहमंत्रालय ही तिन्ही ठिकाणे दात्याच्या नावाने संस्थेकडून माहिती गोळा करतात, आणि ती माहिती दात्याला मात्र सहजासहजी दिसत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये धर्मादाय आयोगाच्या नोंदवहीत संस्थेचे नाव टाकले की तिचे उत्पन्न, खर्च आणि विश्वस्त कोणालाही घरबसल्या दिसतात, वर्षाला २५ हजार पौंडांवर उत्पन्न असेल तर पूर्ण हिशेबपत्रके वाचता येतात, आणि ती वेळेत भरली नसतील तर तेही तिथेच नोंदलेले असते. तिथली संस्था नियंत्रकाला जितकी भिते तितकीच त्या उघड्या पानाला भिते. आपल्याकडे उलटा प्रवास झाला: विदेशी अंशदानाची तिमाही माहिती संकेतस्थळावर जाहीर करण्याचा नियम २०२२ च्या जुलैमध्ये काढून टाकला गेला आणि संस्थांची वार्षिक विवरणेही गृहमंत्रालयाच्या संकेतस्थळावरून दिसेनाशी झाली.

याचा देण्यावर होणारा परिणाम आपण सारे अनुभवतो. माहितीच्या अभावी दाता एक तर ओळखीच्या माणसाला देतो किंवा मोठ्या नावाला देतो, आणि मधल्या हजारो बऱ्या संस्था दोन्हींकडून सुटतात. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीचेही तेच. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापुढील कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करण्यास बांधले, पण कंपनीचा अधिकारी जोखीम घ्यायला तयार नसतो, आणि ज्या संस्थेचा चकचकीत वार्षिक अहवाल त्याच्या टेबलावर आहे तिच्याकडेच तो वळतो.

दात्याच्या हाती तरीही काही आहे. न्यासाच्या कारभाराविषयी शंका असेल तर सहायक धर्मादाय आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते, आणि न्यासात हितसंबंध असलेल्या दोन किंवा अधिक व्यक्ती आयुक्तांच्या संमतीने दावाही लावू शकतात. त्याआधी, देणगी देतानाच, ताळेबंद मागण्याची सवय लावून घ्यावी. ताळेबंद उघड करण्यास कोणत्याही कायद्याने संस्थेला मनाई केलेली नाही. वाचनालयाच्या फलकावर, शाळेच्या व्हरांड्यात किंवा देवळाच्या सभामंडपात तो खुशाल लावता येतो. आणि ‘हिशेब धर्मादायला दिले आहेत, तिथे जाऊन बघा’ असे उत्तर मिळाले, तर धनादेश तूर्त खिशातच ठेवावा.